पाल पाळणं ही भूतदया की परिग्रह?

पहिल्यांदाच पाळायला सोपी पाल कोणती? व्यवहारापुरतं उत्तर सरळ आहे: लेपर्ड गेको. वीतभर लांबीची, ठिपकेदार, शांत. काचेवर चढत नाही, पापण्या मिटते, शेपटीत चरबी साठवते. बियर्डेड ड्रॅगनला अतिनील किरणांचा खास दिवा लागतो, इग्वाना पाच-सहा फूट वाढतो. क्रेस्टेड गेकोला 28 अंशांच्या वर त्रास होतो. खामगाव तालुक्यातल्या आपल्या पिंपळगाव राजात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 च्या पुढे जातो. एवढ्यावरूनच ती यादीतून बाद होते.

पण सोपी म्हणजे कोणाला सोपी? इथून प्रश्न धर्माचा होतो.

आपल्याकडे पालीशी नातं भीतीचं. अंगावर पडली की पंचांगातलं पल्लीपतन उघडायचं आणि अंघोळ करायची. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात मात्र सोन्या-रुप्याच्या पालींना स्पर्श केला की हाच दोष जातो, अशी श्रद्धा आहे. आणि लोभाची तऱ्हा याहून वाईट. ‘हत्था जोडी’ नावाची मुळी धनलाभासाठी देवघरात ठेवली जाते. प्रत्यक्षात ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तरी पूजेच्या नावाखाली ती मारली जाते. सातपुड्यातल्या लेपर्ड गेकोची वेगळी जात म्हणून 2014 मध्ये नोंद झाली. हिच्यासारख्या रानपाली विषारी समजून ठेचल्या जातात. त्यांना विष नसतं.

या पार्श्वभूमीवर एखादं मूल प्रेमाने पाल पाळू म्हणतं, तेव्हा आनंदच व्हावा. पण दोन शंका उरतात.

पहिली अन्नाची. लेपर्ड गेको जिवंत रातकिडे खाते, तिला भाजीपाला चालत नाही. माळकरी घरात रोज किडे आणून तिच्यापुढे सोडायचे, हे पाप कोणाचं? महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगर चालला तरी मातीतले असंख्य जीव मरतात, जगण्यात हिंसा टळत नाही. कपाशीच्या काळ्या रानात राबणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. पालीचा आहार हा तिचा स्वभाव आहे. तिला उपाशी ठेवणं किंवा चुकीचं खाऊ घालणं, ही खरी हिंसा. जैन परंपरेने श्रावकाच्या अहिंसाव्रताचे जे पाच दोष सांगितले, त्यांत अन्नपाणी रोखणं आहेच.

त्या पाचांतला पहिला दोष मात्र बांधून ठेवणं, आणि दुसरी शंका तीच. भागवतातला राजा भरत आईविना राहिलेलं हरणाचं पाडस वाचवतो, त्याच्यात गुंततो आणि पुढचा जन्म हरणाचा घेतो. कथेचा रोख दयेवर नाही, गुंतण्यावर आहे. पण भरताचं पाडस खरोखर निराधार होतं. दुकानातली पाल निराधार नसते. तिला आपण पेटीत घालतो आणि मग तिच्या प्रत्येक घासासाठी, अंशभर उबेसाठी ती आपल्यावर अवलंबून राहते. हा फरक मोठा आहे. बंधनाबद्दल शेगावची गोष्ट आठवते; शेगाव खामगावच्याच जिल्ह्यात. तिथले संत गजानन महाराज कीर्तनकार गोविंदबुवांच्या द्वाड घोड्याच्या पायांत निवांत निजले, ही गोष्ट इथे घरोघर माहीत आहे. तिथे घोडा शांत झाला तो साखळीने नव्हे.

म्हणून पाळूच नये का? तसं नाही. बंधन घालायचं तर त्याचं ओझंही उचलायचं. लेपर्ड गेको 15 ते 20 वर्षं जगते. पाळणाऱ्याकडेच जन्मलेली, एकच, मोठी झालेली घ्यावी. लहान पिल्लू नाजूक असतं. रानातून काहीही उचलू नये. वन्यजीव-व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या इग्वानासारख्या परदेशी प्राण्याची 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मे महिन्यात वीज गेली तर पेटी थंड कशी ठेवायची, याची सोय आधी हवी.

आणि दुकानात किंमत विचारण्याआधी घरच्यांनी एकमेकांना विचारावं: मूल शिकायला पुण्याला गेल्यावर हिचे किडे कोण आणणार? एकाचंही नाव निघालं नाही, तर पाल घेऊ नये.