यजमान कोण?

22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढे वैनगंगेवर 33 दरवाजांचे धरण उभे राहिले, ऐंशीहून अधिक गावे उठली आणि 372 कोटींचा खर्च हजारो कोटींवर गेला. आता त्याच जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प राज्य सरकारने हाती घेतला आहे. आंभोऱ्याचा पूल पाहायला नागपूरकडून लोक येऊ लागले आहेत. पर्यटनाचा व्यवसाय म्हटला की उद्घाटने, महोत्सव, मेळावे ओघाने आले. ते कुणाच्या यजमानपदाखाली होणार, हे ठरवण्याची वेळ हीच आहे. वैनगंगेकाठच्या या मुलखाला कार्यक्रमातून व्यवसाय उभा करण्याची स्वतःची जुनी रीत आहे.

दिवाळीच्या सुमाराला हलका धान कापून होतो, हातात थोडा पैसा येतो आणि भाऊबीजेपासून भंडारा-गोंदियात गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागते. आज या गावची, उद्या शेजारच्या. गुराखी गोवाऱ्यांची पूजेची ढाल निघते, दंडार हे लोकनाट्य होते, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात, लेकी-जावई, पाव्हणे येतात, सोयरिकीची बोलणी होतात. दुकानदाराला गिऱ्हाईक बोलवावे लागत नाही. बोलावणे गावाने आधीच धाडलेले असते. त्याने चांगला माल घेऊन वेळेवर पोचायचे, एवढेच.

रात्री नाटक. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याच्या, नाट्यकंपन्यांची पेठ म्हणजे वडसा. मंडईच्या कितीतरी आधी गावातले मंडळ तिथे जाऊन कंपनीशी बोली करते, शामियाना उभारते, भोंगा लावलेली गाडी आसपासच्या गावांत फिरवते आणि तिकिटे विकते. तोटा आला तर मंडळाचा, नफा झाला तर तोही मंडळाचा. त्यामुळे नाटक पडू नये म्हणून सारे गाव राबते. कंपनीला हंगामभर काम मिळते आणि नट, वादक, पडदे ओढणारे यांचे घर त्यावर चालते. याच रंगभूमीवरील कामासाठी परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. जाहिरात, विक्री आणि काम करणाऱ्यांचा उत्साह या तीन गोष्टी इथे वेगवेगळ्या काढताच येत नाहीत, आणि माझ्या मते या रीतीचे सगळे बळ त्यातच आहे.

याउलट बियाण्याच्या किंवा ट्रॅक्टरच्या कंपनीचा शेतकरी मेळावा पाहावा. पाहुणे उशिरा येतात, सत्कार लांबतात, शेतकरी जेवणाची वाट पाहत बसतो. कंपनीची पोरे खुर्च्या मांडतात, पाण्याच्या बाटल्या वाटतात. खरे तर बांधाबांधावर फिरून कोणत्या गावात काय बिघडले हे त्यांनाच ठाऊक असते, पण माईक त्यांच्या हाती येत नाही. गिऱ्हाईक आणि नोकर दोघेही प्रेक्षक होतात, आणि दुसऱ्या दिवशी आठवण उरते ती फक्त मंडपाची.

मंडईची रीत लहान गावापुरती, मोठ्या उद्योगाला ती पुरणार नाही, असे कुणी म्हणेल. शंकरपटाने, म्हणजे इथल्या बैलांच्या शर्यतीने, त्याचे उत्तर दिले आहे. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले, तसा त्याभोवतीचा बाजारही बसला. मे 2023 च्या निकालाने शर्यतींचा कायदा टिकला. पटाला पंचक्रोशीबाहेरचीही माणसे येतात, पण आयोजन गावाचेच असते. बाहेरच्या कंपनीने बक्षीस द्यावे, फलक लावावा. मात्र बैलाला इजा होऊ नये हे पाहण्याची जबाबदारीही मग तिच्यावर येते.

गोसीखुर्दला हाच हिशोब लावून पाहा. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते. ते जलाशयात येत असताना काठावर महोत्सव भरवला, तर पाहुणा एकदा येईल आणि वास घेऊन जाईल. म्हणून पाणी स्वच्छ करण्याचा खर्च हा जाहिरातीच्या खर्चातला पहिला खर्च समजला पाहिजे. दुसरा खर्च माणसांचा. या नदीची खोली, वारा, भोवरे ढिवर समाजाला ठाऊक आहेत. त्यांना रोजंदारीवर नाव हाकायला ठेवायचे आणि कार्यक्रमात टी-शर्ट घालून रांगेत उभे करायचे, हे मला मान्य नाही. त्यांच्या मच्छीमार सोसायट्यांना काही नावा थेट चालवायला द्याव्यात, तिकिटातला वाटा करारात लिहून द्यावा आणि कार्यक्रमांच्या आखणीत मत द्यावे. भिवापुरी मिरची, भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ आणि शिंगाडे काठावर विकायला पुनर्वसित गावांतल्या बायकांच्या बचतगटांना पक्की जागा हवी, महोत्सवाचे चार दिवस संपले की उठवली जाणारी नको.

हंगामाची सुरुवातही मंत्र्यांच्या सवडीने न ठरवता मंडईच्या दिवसांत करावी. त्या वेळी पावसाळा सरलेला असतो, माहेरवाशिणी आणि पाव्हणे गावातच असतात. आणि ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांना पहिल्या फेरीचे तिकीट लावू नये.