खेळून पोट भरते का?



"खेळून पोट भरते का?" हा प्रश्न आपल्या परतूर परिसरात बहुतेक घरांत एकदा तरी विचारला गेला असेल. विचारणारे वडील वाईट नसतात. कापूस आणि सोयाबीनच्या भावावर ज्यांचे वर्ष अवलंबून असते, ज्यांनी १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकल्या आणि २०१२-१३ चा दुष्काळ स्वतः सोसला, त्यांनी असे विचारणे स्वाभाविक आहे. म्हणूनच तरुणांसाठी छप्पर असलेले क्रीडागृह हवे, असे कोणी म्हटले की लगेच उत्तर मिळते : आधी पाणी, आधी रस्ता, आधी दवाखाना, खेळ नंतर. या उत्तराचा आज आपण प्रामाणिकपणे विचार करू या.

पहिली शंका अशी की, छप्पर कशाला? मैदान पुरत नाही का? आपल्याकडे शाळेला सुट्टी लागते नेमकी एप्रिल-मे महिन्यांत. तेव्हा पारा चाळीशीच्या वर असतो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मैदानात उभे राहवत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला सोडत नाही. मग मुले जातात कुठे? स्टेशनच्या बाकावर, पानटपरीच्या सावलीत, नाहीतर मोबाईल घेऊन घराच्या कोपऱ्यात. मुलींना तर स्टेशनचा बाकही नाही.

ही अडचण जुनीच आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे थंडीमुळे कोंडून पडलेल्या तरुणांसाठी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने खोलीतच खेळता येईल असा खेळ शोधला. सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या अडकवल्या आणि तेरा नियम लिहिले. तोच बास्केटबॉल. पुढच्याच वर्षी मुलींच्या महाविद्यालयातही तो सुरू झाला. त्यांना हिमाने कोंडले, आपल्याला ऊन कोंडते. आपल्याकडची तालीम तरी काय होती? चार भिंती, वर छप्पर, आत लाल माती आणि देखरेखीला एक वस्ताद. गल्लीतल्या पोरांना वाईट वाटेपासून दूर ठेवणारी ती आपली जुनी सोय होती.

शिवाय आता आपले मातीतले खेळही छपराखाली आले आहेत. कबड्डीचे मोठे सामने मॅटवर होतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषकही बंदिस्त क्रीडागृहात मॅटवरच खेळला गेला. भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचेच होते. ज्या मुलीने मॅट कधी पाहिलीच नाही, ती निवड चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा तिच्यावर पाय ठेवते आणि घसरते. यात तिचा काय दोष?

मात्र येथे एक सावधगिरी हवी. क्रीडागृहाची बाजू मांडताना आपण लगेच पदकांकडे बोट दाखवतो. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण हजारांत एखादाच अविनाश होतो. पदकासाठीच क्रीडागृह बांधायचे असेल, तर उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव मुलांच्या दृष्टीने ते फुकट गेले असे म्हणावे लागेल. म्हणून खरा प्रश्न असा आहे : जो कधीच जिंकणार नाही, त्याला तेथे काय मिळेल?

त्याला हरायला शिकता येईल. परीक्षेत नापास झालेला मुलगा तोंड लपवतो. कबड्डीत बाद झालेला मुलगा बाजूला बसतो आणि साथीदाराने गुण मिळवला की पुन्हा आत येतो. नियम सर्वांना सारखा असतो, हे त्याला दिसेल. सावकाराचा मुलगा असो की मजुराचा, रेषेबाहेर पाय पडला की बाद. आणखी एक गोष्ट घडेल. कबड्डीत साखळी करताना शेजाऱ्याचा हात धरावाच लागतो. ज्या समाजात माणसाने माणसाचा स्पर्श टाळला, त्या समाजात हा हात धरणे लहान गोष्ट नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाणीसुद्धा वरून ओतून मिळाले, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता "आधी पाणी" या आक्षेपाकडे येऊ. पाणी आधी, यात वादच नाही. तहानलेल्या घरासमोर क्रीडागृहाची भाषा करणे शोभत नाही. परंतु आपण स्वतःला विचारावे : आपला पैसा खरोखर पाण्यावर जातो का? लग्नातला डीजे, वाढदिवसाचे फलक, मिरवणुकीचे फटाके यांच्या वेळी आपल्याला दुष्काळ आठवत नाही. तो आठवतो मुलांनी काही मागितले की. राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणाने तालुका पातळीपर्यंत क्रीडा संकुले असावीत, हे तत्त्व मान्य केलेले आहे. तेव्हा ही मागणी म्हणजे चैन किंवा भीक नव्हे. आणि "नंतर" म्हणताना एवढे लक्षात ठेवू या की रस्ता पुढच्या वर्षी होऊ शकतो, मुलाचे पंधरावे वर्ष मात्र पुन्हा येत नाही.

तरीही नुसती इमारत पुरेशी नाही. कुलूप लावलेले सभागृह, किंवा वर्षातून चार लग्नांपुरते उघडणारे सभागृह आपण कितीतरी ठिकाणी पाहिले आहे. क्रीडागृहाचा खरा प्रश्न किल्लीचा आहे. किल्ली कोणाकडे? दार कोणासाठी उघडते? फी नसलेल्याला आत घेतात का? मुलींसाठी वेळ ठरलेली आहे का?

संत जॉन बॉस्को यांनी १८४१ मध्ये तुरीन शहरात रस्त्यावरची मुले गोळा केली. मुलांच्या गोंगाटामुळे त्यांना एका जागेवरून दुसऱ्या जागी हलावे लागे. अखेर १८४६ च्या ईस्टरला त्यांना पिनार्डी नावाच्या माणसाची एक पडवी मिळाली. ती इतकी ठेंगणी होती की जमीन खणून खोल करावी लागली. आत प्रार्थना होई, बाजूच्या अंगणात खेळ. पण त्या पडवीत मुलांना कोणीतरी नावाने ओळखणारे होते, म्हणून ती मुलांनी भरली.

तेव्हा छप्पर कोणी बांधो, शासन बांधो की आपण वर्गणी काढून बांधो, आपला वाटा ठरलेला आहे. निवृत्त शिक्षकांनी, मोकळ्या तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे जाऊन बसावे. आयांनी मुलीला "आता मोठी झालीस" म्हणून घरी ठेवू नये. आणि दारात कोणत्याही मुलाला आडनाव विचारू नये.

खेळून पोट भरत नाही, हे खरे आहे. पण पोटासाठी पुढे सारे आयुष्य कष्ट करायचे आहेत. ते कष्ट करणारा माणूस निरोगी असावा, हरल्यावर उठणारा असावा आणि शेजाऱ्याचा हात धरणारा असावा, अशी आपली इच्छा असेल, तर त्याची तयारी कुठेतरी व्हायला हवी. ती स्टेशनच्या बाकावर होणार नाही.