बातमी देणारा आणि बातमी घेणारा

दिवाळीच्या सुमारास आमच्या परिचयाच्या एका बातमीदार गृहस्थांकडे एका कारखान्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्याकडून मिठाईचा डबा आला. गृहस्थांनीं तो परत पाठविला. अधिकारी दुखावला. ‘‘इतक्या वर्षांचा आपला स्नेह, आणि आमच्या पेढ्यांचा विटाळ?’’ असें तो म्हणाला. प्रसंग लहान, परंतु त्यांतून निघणारा प्रश्न लहान नाहीं. आपल्या संस्थेची बाजू लोकांपुढें मांडणें हें ज्याचें काम, आणि तीच बाजू तपासून पाहणें हें ज्याचें काम, अशा दोघांत सलोखा असावा तरी कोणत्या प्रकारचा?

दोघांनीं चार हात दूर राहावें, असें म्हणणें सोपें आहे; व्यवहारांत तें चालत नाहीं. रात्रीं नऊ वाजतां एखाद्या गिरणींतील आगीची खात्री करून घ्यावयाची असते, तेव्हां पलीकडे दूरध्वनि उचलून सरळ उत्तर देणारा मनुष्य असणें, ही वाचकांचीच सोय होय.

या धंद्याच्या आद्य प्रवर्तकांत अमेरिकेंतील आयव्ही ली याची गणना होते. तो मूळचा न्यूयॉर्कचा बातमीदार. १९०६ सालीं कोळशाच्या खाणींच्या मालकांची बाजू मांडण्याचें काम पत्करतांना त्यानें संपादकांकडे एक जाहीरनामा धाडला. आमची कचेरी गुप्त नाहीं, आमचें काम उघड्यावर चालतें, आणि आमचा मजकूर पडताळून पाहूं इच्छिणाऱ्यास आम्ही आनंदानें साह्य करूं, असा त्याचा आशय होता. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या एका अपघाताच्या वेळीं, बातमी दडपण्याची जुनी रीत मोडून, त्यानें बातमीदारांना अपघातस्थळीं नेलें. (त्यांचा प्रवासखर्च कंपनीनें सोसला, याविषयीं आमच्या मनांत किंतु आहे, पण तो असो.)

पुढें २० एप्रिल १९१४ रोजीं कोलोरॅडोंतील लडलो येथें संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वसाहतीवर गोळीबार झाला, तंबू जळाले, आणि एका तंबूखालच्या खड्ड्यांत आश्रयास गेलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुलें मृत्युमुखीं पडलीं. तेथील मोठ्या खाण कंपनीवर रॉकफेलर घराण्याचा ताबा होता. त्या घराण्याच्या वतीनें लीनें कंपनीची बाजू सांगणारी पत्रकांची माला काढली. तींत कामगार पुढाऱ्यांच्या वेतनाचे फुगलेले आकडे होते. १९१५ सालीं सरकारी चौकशी मंडळापुढें त्यानें कबूल केलें कीं, कंपनीनें पुरविलेली माहिती आपण पडताळून पाहिली नाहीं.

लीनें बुद्ध्या असत्य लिहिलें, असा आरोप आम्ही करीत नाहीं. पण दुसऱ्यांस पडताळ्याचें निमंत्रण देणाऱ्यानें स्वतः पडताळा पाहूं नये, हें काय? बातमीदार असतां तोच कागद हातीं आला असता, तर त्यानें दोन प्रश्न खचित विचारले असते. जनसंपर्क अधिकाऱ्यास प्रथम मालकाच्या खोलींत बातमीदार व्हावें लागतें, असें आम्हांस वाटतें. मालक रागावेल, नोकरीवर गदा येईल; ही भीति खरी आहे, आणि संसार चालविणाऱ्या मनुष्यास ती हसण्यावारी नेतां येत नाहीं.

बातमीदारांचीहि यांतून सुटका नाहीं. आलेलें पत्रक मथळा बदलून छापणाऱ्या आळशाशीं अधिकाऱ्याचें फार गोड जमतें. त्या गोडव्याची किंमत भरतो तो वाचक. उलट, दुसरी बाजू न विचारतां ठोकून देणारा शूर बातमीदारहि आम्हीं पाहिला आहे. त्याला लोक भितात, पण खरें सांगत नाहींत.

वर सांगितलेल्या कारखान्यांत पुढच्या पावसाळ्यांत अपघात झाला. पहिल्या पत्रकांत तीन जखमी होते. रात्रीं अकराच्या सुमारास त्याच अधिकाऱ्याचा आमच्या स्नेह्यांस दूरध्वनि आला : ‘‘तीन नव्हे, सात. मी इस्पितळांत स्वतः मोजून आलों.’’ सकाळीं सात छापून आले, आणि वरिष्ठांपुढें त्याला उभें राहावें लागलें. त्या वर्षीं डबा आला नाहीं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं अधिकारी स्वतःच आला, आणि बराच वेळ बसून चहा घेऊन गेला.