भीतीलाही एक वीट

रात्रीचे दोन वाजलेले असतात. घर निजलेले असते. कूस बदलताना डाव्या बरगडीखाली कळ येते आणि तुम्ही टक्क जागे होता. दिवसा अशीच कळ आली असती, तर त्यावर हात फिरवून तुम्ही कामाला लागला असता. आता मात्र बोटे मनगटावर जातात, नाडी मोजली जाते. गेल्या महिन्यात भावकीत कोण अचानक गेले ते आठवते. उशाशी मोबाइल असतो. त्यात लक्षणे शोधायला घेतली की पाच मिनिटांत दहा असाध्य रोग अंथरुणाशी येऊन बसतात.

आणि माउली, त्यातच दुसरी एक कळ उठते. ती बरगडीतली नसते. ‘संध्याकाळीच कीर्तनात देहाचे नाशवंतपण ऐकून मी मान डोलावली. गळ्यात तुळशीची माळ आहे. मग एवढ्याशा दुखण्याने माझा थरकाप का व्हावा? माझी भक्ती वरवरची तर नाही?’

आज या दुसऱ्या कळीविषयी बोलायचे आहे. पहिलीसाठी डॉक्टर आहेत. दुसरी आपण कोणाला सांगतच नाही.

मीही कित्येक वर्षे सांगितली नाही. ईसीजी काढून झाला, रक्त तपासून झाले, सगळे ठीक निघाले. तो कागद बघून चार दिवस बरे वाटे. पाचव्या रात्री वाटे, तपासणीत काही राहून गेले असेल तर? मग मी रात्री हरिपाठ म्हणू लागलो. पण तुमच्यापाशी काय लपवू? तो हरिपाठ नव्हताच. एक अभंग म्हणायचा आणि दुखणे थांबले का ते चाचपायचे, पुन्हा म्हणायचा, पुन्हा चाचपायचे. नाम ओठांवर आणि सगळे ध्यान बरगडीवर. आधी नाडी मोजत होतो, आता नाम घेऊन दुखणेच मोजत होतो. थांबले नाही की पांडुरंगावर रुसणेही होतेच.

आषाढीच्या वाटेवर मला याचा थोडा उलगडा झाला. पुण्याहून सासवडला जाण्याचा दिवस तुम्हाला ठाऊक आहे. सुमारे ३० किलोमीटरची चाल आणि मध्ये दिवेघाटाची चढण. सोपानकाकांच्या सासवडात पोचलो तेव्हा तळपायाला फोड आले होते, पोटऱ्यांत गोळे होते, कंबर धरली होती. दिंडीतल्या एका वृद्ध माउलींचे पाय चेपून दिले, ताडपत्रीवर अंग टाकले आणि डोळा लागला तो पहाटेच उघडला. घरी एक कळ झोप उडवते आणि इथे अंगभर ठणका असताना गाढ झोप. असे का व्हावे?

वारीतल्या दुखण्याचे कारण ठाऊक असते, म्हणून त्याला कोणी ‘तू कोण?’ असे विचारत नाही. घरच्या रात्री तोच प्रश्न आपण दुखण्याला शंभरदा विचारतो आणि अंधारात त्याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. मग भीती अंगात उतरते. श्वास उथळ आणि भरभर होतो, छातीचे स्नायू आवळतात, काळीज धडधडते, बोटांना मुंग्या येतात. ही खुद्द भीतीची लक्षणे असतात, पण त्या वेळी ती रोगाचीच वाटतात. त्यामुळे भीती वाढते आणि लक्षणेही वाढतात. दुखरी जागा सारखी दाबून पाहिली तर तीही हुळहुळी होते. म्हणून अशा माणसाला घरच्यांनी ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून झिडकारू नये. त्याला दुखते ते खरेच दुखते.

आता भक्तीचा प्रश्न. भीती वाटली म्हणून भक्ती खोटी ठरते का? ज्ञानोबारायांनी आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवरायांचे अभंग आठवा. त्यांत सद्गुरू निवृत्तिनाथांचाही धीर सुटलेला दिसतो. देहाचे नाशवंतपण त्यांना आपण का सांगायचे? तरीही डोळ्यांना पाणी आले आणि नामदेवरायांनी ते लपवले नाही. तुकोबारायांनी दुष्काळात पत्नी गमावली, मुलगा गमावला. नामाने संतांभोवती दुःख शिरणार नाही असा कोट बांधून दिला नव्हता. मग आपण तरी नामाकडे तशी हमी का मागावी? काळीज धडधडणे हा देहाचा धर्म आहे. त्याने माळेला बाट लागत नाही.

मग त्या रात्री करायचे काय? मला पुंडलिकाची गोष्ट उपयोगी पडली. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत असताना साक्षात देव दाराशी आला. पुंडलिकाने त्याला परत पाठवले नाही आणि हातातली सेवाही सोडली नाही. एक वीट टाकली आणि ‘जरा थांब’ म्हणाला. उपमा धिटाईची आहे, पण भक्ताच्या शब्दावर देव थांबला, तर रात्री दाराशी आलेल्या भीतीला आपण सकाळपर्यंत थांबवू शकत नाही का? तिला हाकलायला गेलो तर ती दार वाजवतच राहते. आत घेतली तर अंथरूण बळकावते. तिच्यासाठी एक वीट टाकावी. माझी वीट म्हणजे उशाजवळची एक वही. ‘डावी बरगडी, दोन वाजता, सकाळी बघू’ एवढे लिहायचे आणि वही मिटायची. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

वीट टाकण्यापूर्वी विवेक मात्र हवा. छातीवर दाब येणे, कळ हात, जबडा किंवा पाठीत जाणे, धाप लागणे, थंड घाम फुटणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे, यांतले काहीही अचानक झाले तर सकाळची वाट पाहू नका. घरच्यांना उठवा, १०८ ला फोन करा. मधुमेह असेल तर ही लक्षणे पुसटही असू शकतात. अशा वेळी नुसते नाम घेत पडून राहणे ही श्रद्धा नव्हे. आपल्या बाबतीत कशाला थांबायचे आणि कशाला नाही, हे डॉक्टरांना दिवसाउजेडी विचारून त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. म्हणजे रात्री भीतीशी वाद घालावा लागत नाही. आणि ही भीतीच रोज झोप नेत असेल, तर तिच्यासाठीही डॉक्टरांकडे जावे. वाटेवर पायाचा फोड दाखवताना आपण लाजत नाही, मग मनाचा फोड दाखवताना का लाजावे?

वही मिटली की नाम घ्यावे, सावकाश, मोजल्याशिवाय. दुखणे थांबले का ते पाहायचे नाही. नामाला कामाला लावायचे नाही, त्याच्या सोबतीने पडून राहायचे. मी आणखी एक करतो. या घटकेला दवाखान्यात कोणी आपल्या माणसाच्या खाटेशी बसले असेल, कोणी माझ्यासारखेच छताकडे बघत असेल. एक नाम त्यांच्यासाठी घेतो. सासवडच्या त्या मुक्कामी दुसऱ्याचे पाय हातात होते म्हणून स्वतःच्या पायांचा विसर पडला होता. तो मुक्काम असा घरच्या अंथरुणावरही करता येतो.

याने दर रात्री झोप लागतेच असे मी म्हणणार नाही. काही रात्री कळ राहते, भीतीही विटेवर ताटकळत राहते. पण पहाटे काकड्याच्या वेळी वही उघडतो, तेव्हा बहुतेकदा लिहिलेली बरगडी कोणती ते आठवावे लागते. जेव्हा खरेच दुखत असते, तेव्हा उजेडात डॉक्टरांकडे जातो. देह कधीतरी जायचाच आहे, ते आपल्या हाती नाही. पण तो असेपर्यंतच्या रात्री भीतीच्या हवाली करायच्या की नामाच्या, एवढे तरी आपल्या हाती आहे.

रामकृष्णहरी, माउली.