पाच चौकटींतला शब्द

पाच रिकाम्या चौकटी समोर आहेत. तिसरीत 'ए' आहे हे ठाऊक झाले आहे. 'आर' कुठेतरी आहे, पण शेवटी नाही. 'एस' मुळीच नाही. तर असा इंग्रजी शब्द कोणता? आपल्या धर्मग्रामांतील तरुण मुले-मुली आजकाल अशा प्रश्नांत गढलेली दिसतात. जोश वॉर्डल ह्या गृहस्थांनी आपल्या जोडीदार पलक शहा ह्यांच्या विरंगुळ्यासाठी रचलेला 'वर्डल' हा खेळ २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि २०२२ च्या जानेवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला. सहा प्रयत्नांत पाच अक्षरांचा शब्द ओळखायचा, एवढाच नियम. खेळाबरोबर एक सोयही घरोघर पोहोचली. शब्दाची लांबी आणि हाती आलेली अक्षरे यंत्राला सांगावीत, की बसतील त्या सर्व शब्दांची यादी क्षणात हजर.

ही यादी पाहणे अप्रामाणिकपणाचे आहे काय, असे पालक विचारतात. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो, पण तसा तो नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आपल्या 'सुम्मा'त खेळामध्ये सद्‌गुण असू शकतो काय, असा प्रश्न मुद्दाम उपस्थित केला आहे आणि त्याचे उत्तर होकारार्थी दिले आहे. श्रमाने शरीर थकते तसे चिंतनाने मन थकते; त्याला विसावा हवा. जो स्वतः हसत नाही आणि दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालतो, त्यालाही ते दोषी धरतात. (आम्हा धर्मगुरूंपैकी काहींनी तो भाग पुन्हा वाचावा.) खेळात सद्‌गुण असू शकतो, तर त्यात दोषही असू शकतो हे ओघानेच आले.

मराठी माणसाला ह्या इंग्रजी खेळात एक वेगळीच अडचण येते. आपल्या वर्तमानपत्रांतील शब्दकोड्यात एका चौकटीत एक अक्षर बसते, आणि आपले अक्षर म्हणजे स्वराने पूर्ण झालेला उच्चार. 'वर्धा' दोन चौकटींत मावते. इंग्रजीत त्याला सहा लागतात. 'हिंगणघाट'ला आपल्याकडे पाच पुरतात, तिकडे दहा. 'सेलू' दोन अक्षरी आणि 'देवळी' तीन अक्षरी. पण इंग्रजीत दोन्ही पाच-पाच अक्षरांची, अगदी त्या खेळात शोभावीत अशी! १९३६ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने 'अ'लाच वेलांटी, उकार आणि मात्रा जोडून 'इ', 'उ', 'ए' लिहिण्याची पद्धत चालवून पाहिली होती. छपाईचे खिळे त्यामुळे कमी लागत. लोकांच्या डोळ्यांना मात्र ती रुचली नाही. आपण शब्द कानाने शोधतो. इंग्रजी शब्द, त्या भाषेत लेखन आणि उच्चार ह्यांची फारकत असल्यामुळे, डोळ्यांनी शोधावा लागतो.

डोळ्यांनी शोधायचे म्हटले की मोजदाद आली. 'स्क्रॅबल'चे जनक आल्फ्रेड बट्स ह्यांनी वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून कोणते अक्षर किती वेळा येते हे पाहिले. म्हणून त्यांच्या १०० सोंगट्यांत 'ई' १२ वेळा आहे आणि तिला एकच गुण; 'क्यू' मात्र एकटा, आणि त्याला १० गुण. आजचे यंत्र हीच मोजदाद अफाट वेगाने करते. ते शोधत नाही, चाळते. शोधणाऱ्याला काहीतरी हवे असते. चाळणीला काहीही नको असते.

शोधणे म्हणजे काय, ह्याचा विचार संत ऑगस्टीन ह्यांनी 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात केला आहे. नाणे हरवलेल्या शुभवर्तमानातील स्त्रीची आठवण देऊन ते विचारतात, की तिच्या स्मरणात ते नाणे नसते, तर सापडल्यावर तिने ते ओळखले कसे असते? एखाद्याचे नाव आपण विसरतो, तेव्हा दुसरी नावे सुचतात आणि आपण ती नाकारतो. खरे नाव आले की मन म्हणते, 'हेच!' म्हणजे आपण पूर्णपणे विसरलेलो नसतो. कोडे सोडवणाऱ्याचा आनंद हाच आहे. यादी उघडून तो आनंद गमावणारा स्वतःखेरीज कोणाचे नुकसान करीत नाही. 'मी तीन प्रयत्नांत ओळखला' असे त्याने मित्रांना कळवले, तर गोष्ट वेगळी. ती साक्ष होते, आणि खोटी साक्ष होते.

इथवरचे विवेचन मला पुरेसे वाटत असे. परंतु ऑगस्टीनची मात्रा सर्वांना लागू पडत नाही. जो शब्द मुळात कधी कानावर पडलाच नाही, तो आठवणार कुठून?

आमच्या धर्मग्रामात मुलांची एक शब्दस्पर्धा झाली. 'बी' आणि 'आर' असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द आठवडाभरात घरून लिहून आणायचे होते. एका मुलीने चौदा आणले, एका मुलाने साठाच्या वर. त्याला अर्थ विचारले तर दहासुद्धा सांगता येईनात. "मोबाइलवरून काढले, फादर," असे त्याने सरळ सांगितले. काही पालक संतापले; त्याचे नाव स्पर्धेतून काढावे असा आग्रह झाला. त्याचे वडील जिनिंगमध्ये कामाला आहेत. ते शांतपणे म्हणाले, "फादर, त्या मुलीची आई शिक्षिका आहे. तिच्या घरात इंग्रजी पुस्तकांचं कपाट आहे. आमच्या घरात हा एक मोबाइल आहे. तिनं कपाटात पाहिलं तर हुशारी, आणि ह्यानं मोबाइलमध्ये पाहिलं तर चोरी?"

हा प्रश्न टाळता येणारा नाही. ज्याला आपण स्वतःची स्मृती म्हणतो, तिचा मोठा भाग घराने, आईच्या बोलण्याने, हाताशी असलेल्या पुस्तकांनी भरलेला असतो. तो फुकट मिळालेला असतो, म्हणून त्याची किंमत दिसत नाही. मुलीचे चौदा शब्द तिचे होते हे खरेच. पण ते तिला कोणीतरी दिलेही होते. मुलाने नियम मोडला नव्हता आणि तो खोटेही बोलला नव्हता. तरीसुद्धा साठ शब्दांचे बक्षीस त्याला देणे मला पटले नाही. अर्थावाचून शब्द हे वजनात भरणारे भूस आहे, आणि भुसाचे बक्षीस दिले तर मूल भूसच गोळा करू लागते. चोर मात्र तो नव्हता, आणि त्याला तसे म्हणणाऱ्यांनी त्याचे देणे ठेवले आहे.

बक्षीस त्या वेळी कोणालाच दिले नाही. दोन आठवड्यांची मुदत देऊन नियम बदलला: यादी पाहा, कपाट पाहा, कोणाला विचारा, पण प्रत्येक शब्द स्वतःच्या आयुष्यातल्या एका वाक्यात घालून आणा. मुले कुरकुरली. वाचन पुढे रात्रीच्या जेवणापर्यंत लांबले. मुलीने चौदाचे सोळा केले. मुलाचे साठाचे नऊ झाले. त्यांत एक 'फायबर' होता. त्याचे वाक्य होते, की वडील संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांच्या भुवयांवर फायबर असते.