आश्रय आणि अधिकार

गाव सुंदर असले म्हणजे ते न्यायीही असते का? दक्षिण फ्रान्समधल्या कार्पांत्रा या बाजाराच्या गावी आम्ही एक दिवस राहिलो, तेव्हापासून हा प्रश्न मनात घर करून आहे.

गाव मोठे देखणे. दर शुक्रवारी गल्लीबोळांतून बाजार भरतो. ऑलिव्ह, लसूण, मध, हिवाळ्यात ट्रफल नावाची महागडी भूछत्रे. रस्त्याकडेला चिनाराच्या जातीची झाडे, दूरवर माँ व्हांतूचे बोडके, पांढुरके शिखर. याच गावात बाहेरून साध्या घरासारखे दिसणारे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर आहे. १३६७ मध्ये स्थापन झालेले, अठराव्या शतकात पुन्हा बांधलेले. तिथे आजही प्रार्थना होते.

ते इथे टिकले कसे? फ्रान्सच्या राजांनी १३०६ मध्ये आणि पुन्हा १३९४ मध्ये यहुद्यांना हाकलून दिले. हा मुलूख मात्र पोपचा होता. पोपने त्यांना राहू दिले, पण अटींवर. राहायला एक गल्ली, रात्री तिच्या दरवाजांना कुलूप. पुरुषांच्या डोक्यावर पिवळी टोपी. ख्रिस्ती प्रवचने ऐकण्याची सक्ती. माणसे वाढली, गल्ली वाढली नाही. म्हणून घरे मजल्यावर मजले चढवीत उंच गेली. १७९१ मध्ये हा मुलूख फ्रान्सला जोडला गेला आणि त्याच वर्षी यहुदी नागरिक झाले.

कुणी म्हणेल, इतरत्र हाकलले, इथे निदान जगू तरी दिले! ते खरेच आहे. जीव वाचवणाऱ्याचे उपकार लहान नसतात. पण आश्रय देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. मर्जी फिरली की तो संपतो. 'सहिष्णुता' या शब्दातच सहन करणे आहे, आणि सहन करावी लागते ती अडचण. माणसाला कुणाची तरी अडचण म्हणून जगायला लावणे हा न्याय कसा?

हे माप आपल्यालाही लावले पाहिजे. १४९२ मध्ये स्पेनने हाकललेल्या यहुद्यांना उस्मानी तुर्कांनी थारा दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेही. पण मुस्लीम राजवटींतला जिझिया भरणारा माणूस संरक्षित होता, समान नव्हता. जिथे आपण थोडे आहोत तिथे समता मागायची आणि जिथे जास्त आहोत तिथे संरक्षणावर भागवायचे, हे बसत नाही.

मग कायदा पुरेसा आहे का? मे १९९० मध्ये याच गावातल्या यहुदी कबरस्तानाची विटंबना झाली. नागरिकत्वाला तेव्हा १९९ वर्षे होत आली होती. कागद रात्रीचा हात अडवू शकला नाही. पण पॅरिसमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, त्यात राष्ट्राध्यक्ष मितराँही चालले. १९९७ मध्ये गुन्हेगारांना शिक्षा झाली. त्या यहुद्यांना कुणाकडे दयेची भीक मागावी लागली नाही. त्यांनी न्याय मागितला. फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

आपल्याला १९५० च्या राज्यघटनेने आश्रय नव्हे, अधिकार दिले. म्हणून 'आम्हांला सांभाळून घ्या' ही आपली भाषा असू नये. आणि हाच न्याय उंबऱ्याच्या आतही हवा. घरातल्या बाईला आपण संरक्षण देतो की अधिकार? पहिले देऊन दुसरे टाळण्याची सवय काही एकट्या पोपची नव्हती.