एरिक लिडल यांचे दोन रविवार

स्कॉटलंडचे धावपटू आणि मिशनरी एरिक लिडल जगाला आठवतात ते एका नकारामुळे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून ते त्या शर्यतीत उतरले नाहीत. याच माणसाने सुमारे वीस वर्षांनी चीनमधल्या एका नजरकैदेच्या छावणीत रविवारीच मुलांच्या हॉकी सामन्याचा पंच होणे पत्करले. श्रद्धेने घेतलेला नेम पाळायचा कुठवर, आणि तो कोणाच्या जिवावर, हा प्रश्न या दोन रविवारांमध्ये उभा आहे.

आठवड्यातला एक दिवस देवासाठी राखण्याची आज्ञा मूळ ज्यू धर्मातली. ज्यूंचा हा दिवस, म्हणजे शब्बाथ, शनिवारी असतो. येशूचे पुनरुत्थान रविवारी झाले या श्रद्धेमुळे ख्रिस्ती लोकांनी रविवार मानला. स्कॉटलंडमध्ये हा नेम विशेष कडक होता. तिथल्या चर्चने १६४७ मध्ये स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रात त्या दिवशी कामधंद्याबरोबर करमणूकही वर्ज्य ठरवली आहे. लिडल यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधल्या तिआनजिन शहरात, स्कॉटिश मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. रविवारचे पावित्र्य त्यांच्या अंगवळणी पडले होते. त्यासाठी त्यांना कुणाला दटावावे लागले नाही.

त्यांचे धावणे मात्र कुठल्याच शिस्तीत बसणारे नव्हते. मान मागे टाकलेली, तोंड उघडे, हात हवेत वेडेवाकडे फिरताहेत, अशा अवस्थेत ते शेवटची रेषा गाठत. १९२३ मध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट इथल्या ४४० यार्डांच्या शर्यतीत धक्का लागून ते सुरुवातीलाच पडले, पुढच्यांपासून वीसेक यार्ड मागे राहिले, आणि तरी उठून जिंकले. रग्बीतही ते स्कॉटलंडकडून सात सामने खेळले.

पॅरिसचे वेळापत्रक त्यांना काही महिने आधीच कळले होते. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या १९८१ च्या चित्रपटात ही बातमी त्यांना बोटीवर चढताना कळते. ते नाट्य पटकथेचे आहे. प्रत्यक्षात निर्णय शांतपणे झाला आणि उरलेले महिने त्यांनी दोनशे व चारशे मीटरच्या सरावात घालवले. रिले शर्यतींच्या अंतिम फेऱ्याही रविवारी असल्याने त्याही सोडल्या. ६ जुलैला शंभर मीटरच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा पॅरिसमध्येच असलेल्या लिडल यांनी तो दिवस उपासनेला दिला. दोनशे मीटरमध्ये त्यांना कांस्यपदक मिळाले आणि ११ जुलैला चारशे मीटरची शर्यत त्यांनी ४७.६ सेकंदांत जिंकली. या सुवर्णपदकामुळे त्यागाचे फळ देवाने दिले अशी सोयीची गोष्ट तयार झाली. ती गोष्ट त्यांच्यावर अन्याय करते, कारण नकार दिला तेव्हा हाती काही लागेल याची कोणतीच खात्री नव्हती. पदक हुकले असते तरी नकाराचे मोल तेवढेच राहिले असते.

१९२५ मध्ये ते तिआनजिनला परतले आणि तिथल्या अँग्लो-चायनीज कॉलेजात विज्ञान शिकवू लागले. १९३४ मध्ये कॅनेडियन मिशनऱ्यांची मुलगी फ्लॉरेन्स मॅकेन्झी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पॅट्रिशिया आणि हेदर या मुली तिथेच जन्मल्या. जपानी आक्रमणाने परिस्थिती बिघडत गेली, तशी १९४१ मध्ये त्यांनी गरोदर पत्नीला आणि मुलींना कॅनडाला पाठवले. मागोमाग आपणही जावे असा विचार होता. पण डिसेंबरात पॅसिफिकमध्ये युद्ध पेटले आणि वाटा बंद झाल्या. तिसरी मुलगी मॉरीन टोरांटोत जन्मली. बापलेकीची भेट कधीच झाली नाही.

१९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना वेइशिएनच्या नजरकैदेच्या छावणीत नेले. दीड हजारांहून अधिक माणसे एका जुन्या मिशनच्या आवारात कोंडलेली होती. त्यांत एका मिशन शाळेची, आईवडिलांपासून तुटलेली मुलेही होती. लिडल पहाटे शेंगदाणा तेलाच्या दिव्याजवळ बसून प्रार्थना करत. दिवसा गणित-विज्ञान शिकवत, म्हाताऱ्यांचे पाणी भरत, संध्याकाळी मुलांचे खेळ घेत. मुले त्यांना ‘अंकल एरिक’ म्हणत. रविवारी खेळ घ्यायचे नाहीत, हा नेम त्यांनी आधी इथेही ठेवला. तरी मुलांनी एका रविवारी आपापसात हॉकी मांडली. पंच नव्हता, खेळाचे भांडण झाले आणि मारामारीवर गेले. पुढच्या रविवारी लिडल स्वतः मैदानात उभे राहिले.

याला नेम मोडणे म्हणणे घाईचे होईल. शब्बाथ माणसासाठी आहे की माणूस शब्बाथासाठी, हा वाद शुभवर्तमानातच आहे आणि येशूचा कौल माणसाच्या बाजूचा आहे. शिवाय दोन प्रसंगांत एक मोठा फरक आहे. पॅरिसमध्ये किंमत लिडल यांची स्वतःची होती. छावणीत तोच नेम चालवला असता तर ती पोरक्यासारख्या राहणाऱ्या मुलांना मोजावी लागली असती. त्याग स्वतःच्या खात्यातून करायचा, दुसऱ्याच्या नावावर टाकायचा नाही, असे त्यांनी बोलून नव्हे, मैदानात उभे राहून दाखवले.

त्यांचे गुणगान करणारे लेखन मात्र ज्यावरून सहसा लवकर पुढे जाते, ती गोष्ट वेगळीच आहे. चीनमध्ये थांबण्याची किंमत फ्लॉरेन्स आणि तीन मुलींनीही मोजली. लिडल यांनी कुटुंबाला सुरक्षित ठेवले, पण स्वतः कामाला बांधलेले राहिले. तो निर्णय चुकला असे म्हणवत नाही. तो एकट्याचा त्याग होता असेही म्हणवत नाही. घरच्यांची ओढ त्यांनी कमी लेखली नव्हती, हे त्यांच्या शेवटच्या दिवसातून दिसते. डॉक्टर त्यांच्या डोकेदुखीला कामाचा ताण समजत होते. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांनी पत्नीला पत्र लिहिले, आता बरे वाटते आहे असे कळवले, आणि त्याच रात्री ते गेले. शवविच्छेदनात मेंदूतली गाठ निघाली. छावणीची सुटका ऑगस्टमध्ये झाली.

कबरीवर साधा लाकडी क्रूस होता. त्यावरचे नाव बुटांच्या पॉलिशने लिहिले होते. १९९१ मध्ये एडिंबरा विद्यापीठाने स्कॉटलंडच्या मल बेटावरचा ग्रॅनाइट आणून तिथे स्मारकशिला उभारली. त्याआधीचे एक स्मारक छावणीतल्या स्टीफन मेटकाफ या मुलाच्या पायांत होते. हिवाळ्यात त्याचे बूट पार फाटलेले पाहून लिडल यांनी मृत्यूच्या काही आठवडे आधी आपले झिजलेले, दोऱ्याने शिवून सांधलेले धावण्याचे बूट त्याला दिले होते. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तोही होता. पहाऱ्यावरच्या जपान्यांसाठी प्रार्थना करायला लिडल यांनीच त्याला शिकवले होते, आणि युद्धानंतर तो मिशनरी होऊन जपानलाच गेला.